फाटकावरचा कामगार

(नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील खासगी सुरक्षा रक्षकांसाठी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी नांदेडला घेतलेल्या अभ्यासवर्गातील हे भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती गाळून येथे देत आहोत. — संपादक)



हा वर्ग सकाळी नऊला का ठेवला, असे आपल्या काही कार्यकर्त्यांनी मला विचारले. आपल्या सभा संध्याकाळी होतात, ही आपली जुनी सवय. पण ज्यांच्यासाठी हा वर्ग आहे त्यांची पाळी सकाळी आठला सुटते आणि रात्री आठला पुन्हा सुरू होते. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचे डोळे लाल आहेत, कोणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. दिवसपाळीचे लोक या क्षणी फाटकावर उभे आहेत. त्यांना भेटायचे तर रात्री नऊला हाच वर्ग पुन्हा घ्यावा लागेल, आणि तो आपण घेणार आहोत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या की त्या दोन पाळ्यांची माणसे चोवीस तासांत कधीही एकत्र बसू शकत नाहीत. ती भेटतात ती फाटकावर, किल्ल्यांचा जुडगा देण्याघेण्यापुरती. गिरणीत शेकडो माणसे एका भोंग्यावर बाहेर पडत आणि त्या गर्दीतूनच युनियन उभी राही. उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकलेली वयस्कर माणसे या शहरात आजही भेटतात, त्यांना विचारा. रखवालदाराला भोंगा नाही आणि गर्दीही नाही. तो एकटा उभा असतो. त्याची संघटना का झाली नाही याचे निम्मे उत्तर या एकटेपणात आहे. उरलेले निम्मे उत्तर आपल्या उदासीनतेत आहे.

मला विषय दिला आहे तो ‘सुरक्षा रक्षकाच्या कामाची प्राथमिक माहिती’. आपण हमालांत काम केले, विडी कामगारांत केले, शेतमजुरांत केले. पण बँकेच्या, दवाखान्याच्या, शिकवणीवर्गाच्या दारात जो माणूस उभा असतो त्याला आपण ‘ओ वॉचमन’ अशी हाक मारतो, गाडी कुठे लावू असे विचारतो आणि आत निघून जातो. मीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. हा माणूस कोण आहे? तो कंधार-लोह्याकडचा, मुखेडचा, अहमदपूर-जळकोटचा अल्पभूधारक आहे, नाहीतर भूमिहीन. पोलीसभरतीत थोडक्यासाठी राहून गेलेला तरुण आहे. बंद पडलेल्या कारखान्यातून बाहेर फेकला गेलेला पन्नाशीचा कामगार आहे. ऊसतोडीला जाण्यापेक्षा एका जागी राहता येते, मुलांची शाळा बुडत नाही, एवढ्या आशेने शहरात आलेला बाप आहे.

आता कामाकडे वळतो. २००५ साली केंद्र सरकारने खासगी सुरक्षा एजन्सींचे नियमन करणारा कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय एजन्सी चालवता येत नाही. रक्षक १८ ते ६५ वयाचा असावा, त्याच्या पूर्ववृत्ताची खात्री केलेली असावी आणि त्याला छायाचित्र असलेले ओळखपत्र दिलेले असावे. केंद्राने २००६ साली केलेल्या आदर्श नियमांत प्रशिक्षणाचे किमान तासही ठरवले गेले : १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर, किमान २० कामाच्या दिवसांत विभागून. त्यात आग विझवणे आहे, प्रथमोपचार आहे, गर्दी हाताळणे आहे, ओळखपत्रे तपासणे आहे, फिर्याद कशी द्यावी आणि स्वसंरक्षणाचा अधिकार कुठवर जातो हेही आहे. मघाशी मी विचारले की हे १६० तास कोणाकोणाला मिळाले. हात फारसे वर गेले नाहीत. एकाने सांगितले, ‘साहेब, पहिल्या दिवशी सलाम कसा ठोकायचा ते दाखवलं, अन् दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला उभं केलं.’ गणवेशाचे पैसे मात्र पहिल्या पगारातून कापले गेले.

म्हणून पहिला धडा आपणच देऊ. तुमच्या अंगावर गणवेश आहे म्हणून तुम्ही पोलीस होत नाही. पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेश घालणे हाच त्या कायद्याच्या २१व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्यात रक्षकाबरोबर एजन्सीचा मालकही दोषी धरला जातो. कायद्याने तुम्हाला जो अधिकार आहे तो रस्त्यावरच्या कोणत्याही नागरिकाला आहे तेवढाच. नागरिकालाही गुन्हेगाराला पकडता येते, परंतु केव्हा? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४०वे कलम सांगते की गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला पाहिजे, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असला पाहिजे आणि पकडलेल्या माणसाला विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. नुसता संशय या कलमात बसत नाही. ‘हाच असेल’ यावर माणूस धरता येत नाही.

एक उदाहरण घ्या. लातूरच्या एखाद्या मोठ्या दुकानात एक पोरगा साबणाची वडी खिशात घालताना सापडला. मॅनेजर म्हणतो, याला मागच्या खोलीत बसवा, दोन ठेवून द्या, फोटो काढा. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने वस्तू परत केली तर त्याला शिक्षा आहे ती समाजसेवेची. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे त्या पोराला कोंडून ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तुम्ही त्याला कोंडले तर बेकायदा डांबल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो, मारले तर मारहाणीचा लागतो. मॅनेजर तेव्हा म्हणेल की मी असे काही सांगितलेच नव्हते. वस्तू परत घ्यावी, नाव-गाव विचारावे, नोंद करावी, गरज वाटली तर ११२ क्रमांकावर कळवावे. कोणाच्या अंगाला हात लावून झडती घेऊ नये. कारखान्यात झडतीचा नियम असेल तर तो लेखी असावा, सर्वांना सारखा असावा, आणि बाईची झडती बाईनेच घ्यावी. हे सगळे ऐकताना काही तरुण मंडळी जरा हिरमुसली, असे मला दिसते. काठी हातात आली की आपल्याला वाटते, सत्ता आली. ती सत्ता दुसऱ्याची असते, तुमच्या वाट्याला येतो तो खटला.

दुसरा धडा नोंदवहीचा. माझ्या मते या धंद्याचे खरे हत्यार काठी नसून नोंदवही आहे. आवक-जावक, गाडीचा क्रमांक, वेळ, कोणाच्या सांगण्यावरून काय उघडले, कोणते कुलूप कोणत्या स्थितीत मिळाले, पाळी बदलताना काय दिले आणि काय घेतले. खाडाखोड नको; चुकले तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहावे आणि सही करावी. वेळ घड्याळात पाहून लिहावी, अंदाजाने नव्हे. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्याजवळच्या गोदामांवर रात्रभर ट्रक लागतात. सकाळी पोत्यांचा हिशेब जुळला नाही की पहिला संशय रखवालदारावर. अशा वेळी त्याची बाजू घेणारा दुसरा कोणी नसतो, ती वहीच असते.

या वहीने काय होऊ शकते ते सांगतो. शहराचे आणि संस्थेचे नाव घेत नाही, कारण ज्या तरुणाची ही गोष्ट आहे तो अजून याच धंद्यात आहे. एका खासगी दवाखान्यात त्याची रात्रपाळी होती. एक रुग्ण दगावला. बिलाची मोठी रक्कम बाकी होती. व्यवस्थापकाने फाटकावर येऊन सांगितले, पैसे भरल्याशिवाय प्रेत बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि नातेवाइकांनाही हलू द्यायचे नाही. बाहेर म्हातारी रडत होती, तिचा पोरगा हात जोडत होता. हा तरुण म्हणाला, ‘साहेब, हे वहीत लिहून सही करा. वेळ मी घालतो.’ व्यवस्थापक थबकला. त्याने लिहून दिले नाही, आणि थोड्या वेळाने आतून निरोप आला की जाऊ द्या. बिलासाठी प्रेत अडवणे किंवा रुग्णाला डांबून ठेवणे बेकायदा आहे. रुग्णहक्कांच्या सनदेतही ते स्पष्ट लिहिलेले आहे. त्या तरुणाला सनद माहीत नव्हती. त्याला एवढेच कळले होते की जे लिहून देता येत नाही ते करायला लावले जात आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बदली झाली, गावाबाहेरच्या एका गोदामावर. कारण विचारले तर एजन्सी म्हणाली, ‘पार्टीने तुला बदलून मागितलं.’ तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘मी बरोबर केलं का चूक?’ मी म्हणालो, बरोबर केलेस. तो म्हणाला, ‘मग आता माझ्या बाजूनं कोण बोलणार?’ त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचा वर्ग त्या प्रश्नातून निघाला आहे.

दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर सरकारी रुग्णालयाविषयी थोडे बोलू. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किनवट-माहूरचे लोक येतात, देगलूर-बिलोलीचे येतात, हिंगोलीकडचे येतात, तेलंगणातल्या आदिलाबाद-निर्मलकडचेही येतात. दारातल्या माणसाला मराठी, दखनी, तेलुगू, गोरमाटी यांतले थोडे थोडे समजावे लागते. नातेवाइकांचा संताप औषध नसण्यावर असतो, खाट नसण्यावर असतो, डॉक्टर अपुरे असण्यावर असतो. २०२३ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी याच रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. सगळ्या देशाने ती बातमी वाचली. अशा वेळी व्यवस्थेच्या अपयशासमोर पहिला उभा राहतो तो दारातला रक्षक. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्याला अडवायचेच, त्यासाठी २०१० चा राज्याचा स्वतंत्र कायदाही आहे. पण माणूस ओरडू लागला की त्याला ढकलण्याआधी बाजूला घ्यावे, पाणी द्यावे, आत काय चालले आहे ते कोणाकडून तरी विचारून आणून सांगावे. निम्मी भांडणे कोणी काही सांगत नाही म्हणून होतात.

आगीविषयी मी तज्ज्ञ नाही, पण चार गोष्टी पाठ असल्याच पाहिजेत. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, आधी मुख्य खटका बंद करावा. अग्निशामक नळकांड्याची पिन काढून फवारा ज्वाळांच्या टोकावर न मारता बुडाशी मारावा. नळकांड्याची तारीख दर महिन्याला पाहावी. आणि बाहेर पडण्याची वाट कुलपात नसावी, असली तर तिची किल्ली कोठे आहे हे डोळे मिटून सांगता आले पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचवता आली. लातूरच्या वसतिगृहांवर जे पहारा देतात त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मुली बाहेर जाऊ नयेत म्हणून रात्री जिन्याला कुलूप लावणारी वसतिगृहे मी पाहिली आहेत. त्या कुलपाची जोखीम त्या मुलींच्या आणि तुमच्या माथी आहे.

आता त्या नोंदवहीकडे पुन्हा येतो. फाटकातून जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ तुम्ही लिहिता. तुमची वेळ कोण लिहितो? बारा तास, महिन्याचे तीस दिवस : ३६० तास. आठ तासांचे काम आणि आठवड्याची एक सुट्टी धरली तर महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. फरक १५२ तासांचा. जादा कामाला दुप्पट दर हे आपल्याकडचे जुने आणि प्रस्थापित तत्त्व आहे. १५२ तासांचे दुप्पट म्हणजे ३०४ तासांचे वेतन. जो पगार हातात पडतो तो पूर्ण किमान वेतनाचा आहे असे क्षणभर मानले, तरी त्याच्या जवळजवळ दीडपट रक्कम दर महिन्याला बुडते. ही चोरी रोज रात्री होते, फाटक बंद असताना होते आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. त्या चोरीची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही.

आपल्या गावगाड्यात पहाऱ्याचे काम नवीन नाही. जागल्या होता, रामोशी होता, वतनी महार होता. सरकारी कामासाठी, वर्दी देण्यासाठी, खजिन्याबरोबर चालण्यासाठी त्याला रात्री-बेरात्री बोलावले जाई, आणि तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. त्या कामाला तास नव्हते, मोबदला म्हणून मिळे ते नावाला इनाम आणि बलुते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असतानाच कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. एजन्सीच्या खुर्चीवर बसून बारा तास, सातही दिवस, म्हणजे आठवड्याला ८४ तास जागणारा आजचा तरुण पाहिला की वाटते, वतन गेले पण वेठ शिल्लक राहिली. आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ आणि दुकानांतील ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. तरीही आठवड्याच्या ४८ तासांचे तत्त्व त्यात मोडलेले नाही. ८४ तासांना आजच्या कोणत्याही कायद्याचा आधार नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक उत्तर फार पूर्वी सापडले होते, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. १९६९ साली माथाडी कायदा झाला. अनेक व्यापाऱ्यांकडे, कोणाचाही कायम नोकर नसताना राबणाऱ्या हमालाला त्याने मंडळाच्या रूपाने एक स्थिर जागा दिली. त्याच धर्तीवर १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला, आणि आरंभी तो बृहन्मुंबई व ठाण्यात लागू झाला. त्याची रचना अशी : सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ, त्या मंडळाकडे रक्षकाची नोंदणी, मालकाने वेतन आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ते रक्षकाला द्यायचे. निर्वाह निधी, उपदान, रजा यांची जबाबदारी मंडळावर. मधला दलाल गळाला. एजन्सीवाले न्यायालयात गेले, पण कायदा टिकला. एक फट मात्र राहिली, ती २३व्या कलमातल्या सवलतीची. एजन्सीच्या रक्षकांना मिळणारे लाभ एकंदरीत कायद्यातल्या लाभांपेक्षा कमी अनुकूल नसतील तर सरकार सूट देऊ शकते. अट चांगली आहे. पण ती पाळली जाते का, हे पाहायला रात्री फाटकावर कोण जातो?

नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांच्यावर आपली टीका आहे, ती वेगळ्या प्रसंगी करू. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, ते आधी मागून घ्या. कंत्राटदाराने वेतन थकवले तर मूळ आस्थापनेला जबाबदार धरणारे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे, परंतु कंत्राटी कामगारांची ही तरतूद पन्नास किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणीच लागू होते. चार माणसे एका एजन्सीची, सहा दुसरीची, असे तुकडे पाडून पन्नास कधीच भरू न देण्याची युक्ती इथे कोणाला सांगायला नको.

शेवटी एका अवघड प्रश्नाला हात घालतो, कारण तो आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याने काल मला विचारला. तो म्हणाला, ‘संपाच्या वेळी मालक आपल्यासमोर यांनाच उभे करतो. यांची संघटना आपण का बांधायची?’ प्रश्न खोटा नाही. फाटक अडवणारा रक्षक मीही पाहिला आहे आणि त्याची काठीही खाल्ली आहे. पण लातूरचा २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेने पाणी येण्यापूर्वी, मार्च महिन्यात, पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. टाकीभोवती पहारा होता आणि पहारा देणाऱ्यांच्या घरचेही हंडे त्याच रांगेत होते. रक्षकाची स्थिती नेहमी अशीच असते. ज्यांच्यापासून तो राखण करतो त्यांच्यातूनच तो आलेला असतो. त्याला आपल्यापासून तोडून ठेवण्यात मालकाचा फायदा आहे, हे मालकाला कळते. आपल्याला ते कळायला एवढी वर्षे का लागली, हे त्या जुन्या मित्राने मला सांगावे. संघटित रक्षक संपाच्या दिवशीही फाटकावर उभा राहील, तो त्याच्या कामाचा भाग आहे. पण काठी उचलण्याचा हुकूम तो लिहून मागेल.

तेव्हा व्यवहाराचे बोलू. प्रत्येकाने पुढच्या वेळी येताना ओळखपत्र, पगाराची पावती असेल तर ती, नसेल तर बँकेचे पासबुक आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घेऊन यावे. पैसे कापले जातात पण खात्यात पडत नाहीत, अशी उदाहरणे इथेच निघतील. आजपासून प्रत्येकाने घरी एक साधी वही ठेवावी आणि तीत आपलीच आवक-जावक लिहावी : तारीख, पाळीवर गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ, जागा. तीन महिन्यांच्या अशा वह्या जमल्या की नांदेडच्या आणि लातूरच्या सहायक कामगार आयुक्तांकडे दोन स्वतंत्र अर्ज करू. १९८१ च्या कायद्याखाली मंडळाकडे नोंदणी आणि जादा तासांचे वेतन, या दोन्ही मागण्या त्यांत असतील. अर्जाखाली एकट्याचे नाव असणार नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोदामावर बदली ठरलेली.

कार्यकर्त्यांपैकी ज्यांना रात्री जागता येते त्यांनी नावे द्यावीत. दोघादोघांनी एमआयडीसी, मोंढा, दवाखाने आणि वसतिगृहे असे भाग वाटून घ्यायचे आणि अकरानंतर फाटकाफाटकावर जायचे. चहा घेऊन जा. पत्रके फार नेऊ नका, अंधारात वाचता येत नाहीत. पहिल्या रात्री मागण्यांविषयी काही बोलू नका, फक्त त्या माणसाचे नाव आणि गाव विचारा. दिवसपाळीच्या मंडळींचा वर्ग आज रात्री नऊला याच जागी आहे. तुमच्यापैकी ज्याच्या जागी सकाळी जो उभा राहिला असेल, त्याला आज रात्री किल्ल्या घेताना एवढा निरोप द्या.